भरवशाचे हत्यार

गेल्या पावसाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. मराठवाड्यातल्या एका खेड्यात त्याचे घर आहे. गावाचे आणि त्याचे नाव मी इथे देत नाही, कारण त्याला तिथेच राहायचे आहे. त्याच्या बापाने कसलेल्या गायरान जमिनीचा वाद काही वर्षे चालू आहे. दोनदा रात्री घरावर दगड पडले. एकदा दारातली कडब्याची गंजी पेटवून दिली गेली. फिर्याद द्यायला गेला, तेव्हा ती लिहून घेण्याआधी त्यालाच विचारण्यात आले की, तू पिऊन आला आहेस काय?

"जयभीम सर," म्हणून तो बसला. चहा झाला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "सर, लायसनचा अर्ज टाकलाय. मिळेल न मिळेल. पण मिळालंच तर घरात ठेवायला भरवशाचं कोणतं? रिव्हॉल्वर का पिस्तूल? तुम्ही वाचलेलं असतं सगळं."

मी इतिहास शिकवला, हत्यारे कधी विकली नाहीत. त्याला म्हणालो, "मला थोडे दिवस दे. वाचून सांगतो." तो गेला आणि त्याचा प्रश्न माझ्या घरात राहिला. हा लेख म्हणजे त्याला द्यायचे उत्तर आहे. पण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही, म्हणून तो या पानांवर मांडतो आहे.

आधी त्याने जे विचारले तेवढ्यापुरते बोलू. रिव्हॉल्वरला फिरते चक्र असते आणि त्यात पाच-सहा गोळ्या बसतात. एखादी गोळी फुसकी निघाली तर घोडा पुन्हा ओढायचा, चक्र फिरते आणि पुढची गोळी नळीसमोर येते. पिस्तुलात गोळ्या मुठीतल्या मॅगझिनमध्ये असतात. त्या जास्त मावतात आणि भरायला वेळ कमी लागतो. पण गोळी अडकली तर वरचा भाग मागे खेचून ती काढावी लागते. अंधारात, थरथरत्या हाताने आणि सरावाशिवाय हे जमत नाही. म्हणून क्वचितच हत्यार हाती धरणाऱ्या माणसाला जाणकार बहुधा रिव्हॉल्वर सांगतात. आपल्याकडे सामान्य नागरिकाला ९ मिलिमीटरचे पिस्तूल ठेवता येत नाही, ते मनाई असलेल्या बोअरमध्ये मोडते. उरते ते मुख्यतः ०.३२ बोअरचे. ते कानपूरच्या सरकारी कारखान्यात तयार होत आले आहे. २०१४ साली याच कारखान्यांनी बायकांसाठी म्हणून एक हलके रिव्हॉल्वर काढले. दिल्लीच्या २०१२ च्या अत्याचारातल्या मुलीची आठवण म्हणून त्याचे नाव 'निर्भीक' ठेवले आणि किंमत ठेवली सुमारे १ लाख २२ हजार रुपये! ज्या बाईला रात्री परसाकडे जाताना कंदील धरावा लागतो, तिच्या कमरेला हे निर्भयपण कोण बांधणार होते?

शिवाय घराचा विचार करावा लागतो. आपली घरे दहा बाय बाराची, भिंत पत्र्याची नाहीतर कुडाची. अशा भिंतीला गोळी थांबवता येत नाही. उंबऱ्यावर झाडलेली गोळी समोरच्याला चुकली, तर शेजारच्या झोपलेल्या पोराला लागते. हत्यार कुलपात ठेवावे, तर वेळेला किल्ली सापडत नाही. उशाशी ठेवावे, तर मुलांच्या हाती लागते. हे सगळे खरे आहे आणि ते त्याला सांगायलाच हवे. तरी एवढे सांगून प्रश्न संपत नाही. त्याने विचारला होता तो शब्द 'भरवशाचं' असा होता. भरवसा हा नुसत्या लोखंडाचा गुण आहे काय?

शस्त्र आमच्या हाताला नवे नाही. गावगाड्यात वेसकर म्हणून महाराने वेस राखली. हातात काठी, राखण साऱ्या गावाची, आणि स्वतःचे घर मात्र वेशीबाहेर! ज्याने दार राखायचे त्याच्याच घराला दार नव्हते. मग इंग्रजांच्या मुंबई फौजेत आमची माणसे शिरली. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईतल्या मृतांची नावे तिथल्या स्तंभावर कोरलेली आहेत. पण 'लढाऊ जाती'चे खूळ निघाले आणि १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली भरतीसाठी अर्ज तयार केला, १९१० साली शिवराम जानबा कांबळ्यांनी पुन्हा मागणी केली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली महारांची पलटण उभी राहिली, आणि युद्ध संपताच मोडली. महार रेजिमेंट झाली ती १९४१ साली. म्हणजे राज्याला गरज पडली की आमच्या हातात बंदूक द्यायची आणि गरज सरली की काढून घ्यायची. ज्या बंदुकीची चावी दुसऱ्याच्या हाती, तिचा भरवसा तो काय?

नागरिकाच्या घरातल्या शस्त्राची गोष्ट याहून वेगळी नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून हत्यार बाळगायला बंदी झाली आणि युरोपियनांना त्यातून सूट मिळाली. काँग्रेसवाल्यांना हा अपमान वाटला, आणि तो अपमान होताच. पण त्या परवान्यांचे खेड्यात काय झाले याची वाच्यता कोणी केली नाही. माझ्या लहानपणी आमच्या गावात एक बंदूक होती. ती गावातल्या सर्वांत मोठ्या वाड्याच्या माडीवर खुंटीला टांगलेली असे. ती कधी झाडलेली मी ऐकली नाही. तिला झाडावे लागतच नव्हते.

१९३१ साली कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला, त्यात शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला होता. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामतांनी तीच मागणी दुरुस्तीच्या रूपाने मांडली. बाबासाहेबांनी तिला विरोध केला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, शस्त्र हा व्यक्तीचा हक्क म्हणून मागण्यापेक्षा देशरक्षणासाठी शस्त्र धरणे हे नागरिकाचे कर्तव्य मानावे, आणि हक्क सरसकट दिला तर समाजाला उपद्रव देणाऱ्यांच्या हातीही तो जाईल. दुरुस्ती फेटाळली गेली. आज घटनेच्या १९ व्या कलमात आहे तो हक्क शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा. मी तरुण होतो तेव्हा हे वाचून मला राग आला होता. ज्यांच्यावर हत्यारे चालतात त्यांच्याच नेत्याने हत्याराचा हक्क का नाकारावा? या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकांत मिळाले ते बऱ्याच उशिरा, आणि तेही दुसऱ्या देशाच्या इतिहासात.

तो देश म्हणजे अमेरिका. तिकडे वळण्याचे कारण सरळ आहे. घर राखायला बंदूक घ्यावी का, हा प्रश्न आमच्यासारख्याच माणसांनी तिथे दीडशे वर्षे विचारला, आणि त्याची उत्तरे स्वतःच्या देहावर भोगली. ते आपल्याला परके नाहीत. १९४६ साली बाबासाहेबांनी ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले, ते काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागण्यासाठी. १९७२ साली मुंबईत आमच्या तरुणांनी संघटना काढली, तेव्हा नाव घेतले तिकडच्या पँथरचे.

सॅम्युएल कोल्टने १८३६ साली रिव्हॉल्वरचे पेटंट घेतले. माणसे समान झाली ती कोल्टमुळे, अशी त्या देशात म्हण पडली आहे. कोणती माणसे? १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात सरन्यायाधीश टॉनी यांनी काळा माणूस नागरिक नाही असा निवाडा दिला. त्यांच्या कारणांत एक असे होते की, त्याला नागरिक मानले तर तो जाईल तिथे शस्त्र बाळगू शकेल! यादवी युद्ध झाले, गुलामी गेली. १८६५ च्या नोव्हेंबरात मिसिसिपी राज्याने कायदा केला की, मुक्त झालेल्या काळ्याने परवान्यावाचून बंदूक बाळगू नये. परवाना देणारे कोण? कालचे मालक. आमच्या वाचकाला हे समजावून सांगायला नको.

इडा वेल्स ही मेंफिस शहरातली पत्रकार बाई, गुलामीत जन्मलेली. १८९२ च्या मार्चमध्ये तिच्या मित्राला, टॉमस मॉसला, आणि त्याच्या दोन सोबत्यांना जमावाने तुरुंगातून ओढून नेऊन ठार केले. त्यांचा गुन्हा काय? त्यांचे किराणा दुकान चांगले चालत होते, आणि समोरच्या गोऱ्याचे गिऱ्हाईक तुटत होते. वेल्सने पिस्तूल विकत घेतले. तिने लिहिले, म्हणून तिच्या वर्तमानपत्राची कचेरी मोडून टाकण्यात आली. त्याच वर्षी तिने एक पुस्तिका काढली. तीत तिने असे प्रतिपादन केले की, प्रत्येक काळ्या घरात विंचेस्टर रायफलीला मानाची जागा असावी, कारण कायदा जे संरक्षण देत नाही ते तिने द्यावे. जिथे काळे लोक शस्त्र घेऊन पहाऱ्याला उभे राहिले तिथे झुंडीची हत्या टळली, अशी उदाहरणेही तिने दिली. या बाईला मी नाकारू शकत नाही. तिच्या विधानामागे तीन प्रेते आहेत. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. वेल्सने झुंडशाहीला खरा हादरा दिला तो पिस्तुलाने नव्हे. हत्यांची नावे, तारखा आणि कारणे गोळा करून तिने जगापुढे ठेवली, त्याने दिला. पिस्तूल तिच्या जिवाला राखीत होते, आणि जीव राखायचा होता तो लिहिण्यासाठी.

आता डेट्रॉइटच्या एका घराची हकीकत. ऑसियन स्वीट हे काळे डॉक्टर. १९२५ साली त्यांनी गोऱ्या वस्तीत गारलंड रस्त्यावर १८,५०० डॉलरना घर घेतले. त्याच उन्हाळ्यात टर्नर नावाच्या दुसऱ्या काळ्या डॉक्टरला जमावाने नव्या घरातून हुसकून लावले होते. स्वीट यांना हे माहीत होते. ८ सप्टेंबरला ते सामानासह राहायला आले, त्या सामानात बंदुका आणि पिस्तुलेही होती. ९ तारखेच्या रात्री घराभोवती शेकडोंचा जमाव जमला. पोलीस हजर होते आणि बघत होते. दगड सुरू झाले, काचा फुटल्या. आतून गोळ्या सुटल्या. बाहेर एक गोरा मेला, दुसरा जखमी झाला. घरातल्या अकराही जणांना, डॉक्टरांची बायको ग्लॅडिस धरून, खुनाच्या आरोपाखाली पकडले.

हत्याराने त्या रात्री आपले काम केले. अकरा माणसे जिवंत राहिली. पण सकाळ झाली आणि त्या सकाळचे काय करायचे हे कोणत्याच पिस्तुलाला ठाऊक नव्हते. पुढचे काम माणसांनी केले. एनएएसीपी ही काळ्यांची संघटना धावून आली, देशभर वर्गणी जमली, क्लॅरेन्स डॅरो हा नामांकित वकील उभा राहिला, आणि न्यायाधीश फ्रँक मर्फी हे योगायोगाने न्यायी निघाले. पहिल्या खटल्यात पंचांचे एकमत झाले नाही. दुसरा खटला धाकट्या भावावर, हेन्रीवर, चालला. डॅरो यांच्या प्रतिपादनाचा रोख असा होता की, घरात गोरे आणि बाहेर काळा जमाव असता, तर हा खटलाच उभा राहिला नसता. १९२६ च्या मे महिन्यात बारा गोऱ्या पंचांनी हेन्रीला निर्दोष ठरवले. पुढे बाकीच्यांवरचे खटले मागे घेतले गेले.

शाळेच्या पुस्तकात ही कथा इथे संपेल. जगण्यात ती संपली नाही. ग्लॅडिसला क्षय झाला होता. लहान मुलगी १९२६ मध्ये गेली, ग्लॅडिस १९२८ मध्ये. हेन्रीही पुढे क्षयानेच गेला. आणि १९६० साली वृद्ध, एकाकी ऑसियन स्वीट यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. घराच्या रक्षणासाठी शस्त्र हाती घेतलेल्या माणसाचा शेवट शस्त्रानेच झाला. त्यांची चूक होती असे मी म्हणत नाही. किंमत केवढी होती तेवढेच सांगतो.

मिसिसिपीतले हार्टमन टर्नबो हे शेतकरी. १९६३ साली मतदार म्हणून नाव नोंदवायला गेले, म्हणून रात्री त्यांच्या घरावर पेटते बाँब टाकले गेले आणि गोळ्या झाडल्या गेल्या. टर्नबोंनी रायफल घेऊन उलट गोळीबार केला, तेव्हा हल्लेखोर पळाले. बायको-मुलगी वाचली. सकाळ झाली तेव्हा शेरीफने अटक केली ती टर्नबोंनाच, आणि आरोप ठेवला स्वतःचे घर जाळल्याचा! हा आरोप पुढे टिकला नाही. पण तो वाचताना मला आपल्याकडचा क्रॉस केसचा रिवाज आठवला. अ‍ॅट्रॉसिटीची फिर्याद दिली की लगोलग दरोड्याची उलट फिर्याद येते. देश वेगळा, भाषा वेगळी, पण कागद लिहिणारा हात ओळखीचा वाटतो.

मार्टिन ल्यूथर किंग यांना आपण अहिंसेचे पुजारी म्हणून ओळखतो. ३० जानेवारी १९५६ च्या रात्री माँटगोमेरीत त्यांच्या घरावर बाँब पडला, तेव्हा आत त्यांची पत्नी आणि तान्ही मुलगी होती. अंगणात संतापलेली माणसे जमली, काहींच्या हातात हत्यारे होती. किंग यांनी त्यांना हत्यारे घेऊन घरी परत जायला सांगितले. त्याच दिवसांत त्यांनी स्वतः पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला होता, हे फारसे सांगितले जात नाही. तो नामंजूर झाला. काही काळ त्यांच्या घरात बंदुका होत्या, मग त्यांनी त्या काढून टाकल्या. घराभोवती दिवे लावले आणि विनाशस्त्र राखणदार बसवले.

इथे मला महाड आठवते. २० मार्च १९२७. चवदार तळ्याचे पाणी प्यालेल्या आमच्या माणसांवर मंडपात, रस्त्यात, घरांत घुसून लाठ्या चालवल्या गेल्या. बाबासाहेब सरकारी बंगल्यावर होते. भोवती उसळलेले अनुयायी होते, त्यांत पलटणीत राहून आलेलेही होते. एका शब्दाचा अवकाश होता, आणि तो शब्द बाबासाहेबांनी दिला नाही. तो भित्रेपणा नव्हता. त्या रात्री महाडात सूड घेता आला असता. पण दुसऱ्या दिवशी कोकणातल्या खेड्याखेड्यांत विखुरलेल्या चार-चार घरांच्या महारवाड्यांना कोण राखणार होते? फिर्यादी झाल्या, काही हल्लेखोरांना शिक्षा झाल्या, आणि तळ्याचा दावा मुंबई हायकोर्टापर्यंत लढवून १९३७ साली जिंकला. घटना समितीतल्या त्या विरोधाचे उत्तर मला इथे सापडले. अल्पसंख्य, विखुरलेल्या माणसाला शस्त्राचा हक्क मिळाला, तर तोच हक्क बहुसंख्यालाही मिळतो, आणि तो दसपट मिळतो.

मग शस्त्र सदैव व्यर्थच काय? इतिहास असे सांगत नाही. १९५७ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या मन्रो गावी डॉ. अल्बर्ट पेरी यांच्या घरावर क्लॅनवाले मोटारींची मिरवणूक घेऊन चालून आले. रॉबर्ट विल्यम्स या माजी सैनिकाने उभा केलेला काळ्यांचा पहारा तिथे बसला होता. गोळीला गोळी भेटली, क्लॅनवाले परतले, आणि नगरसभेला अशा मिरवणुकांवर बंदी घालावी लागली. लुईझियानातल्या बोगालुसा गावी फेब्रुवारी १९६५ मध्ये रॉबर्ट हिक्स यांच्याकडे पोलीस आले. घरात उतरलेल्या गोऱ्या कार्यकर्त्यांना घालवून द्या, नाहीतर जमाव येईल, असा निरोप त्यांनी दिला. हिक्स दांपत्याने शेजाऱ्यांना निरोप धाडले. माणसे बंदुका घेऊन आली आणि जमाव आलाच नाही. त्याच सुमारास 'डीकन्स फॉर डिफेन्स' या संघटनेची शाखा त्या गावात निघाली. पण हिक्स तिथेच थांबले नाहीत. ते फेडरल कोर्टात गेले, आणि आंदोलकांचे रक्षण करण्याचा हुकूम कोर्टाने त्याच पोलिसांवर बजावला. या दोन्ही ठिकाणी घर राखले ते एका माणसाच्या उशाखालच्या पिस्तुलाने नव्हे. हाक मारताच येणाऱ्या शेजाऱ्यांनी राखले.

आणि जिथे साक्षात राज्यसंस्थाच दारावर येते तिथे? पँथरांनी कायद्याने मिळालेल्या हक्कानुसार उघडपणे बंदुका धरल्या, तेव्हा १९६७ साली कॅलिफोर्नियाने कायदाच बदलला. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे शिकागोत फ्रेड हॅम्प्टन यांच्या घरावर पोलिसांनी धाड घातली. घरात बंदुका होत्या. आतून एक गोळी सुटली, बाहेरून ऐंशीहून अधिक. हॅम्प्टन एकवीस वर्षांचे होते.

त्याच शिकागोत ओटिस मॅकडोनाल्ड नावाचे एक काळे वृद्ध गृहस्थ राहत होते. ते लुईझियानातल्या कुळवाडी कुटुंबातून आलेले. घरी वारंवार चोऱ्या झाल्या. त्यांना उशाशी पिस्तूल हवे होते, पण शहरात १९८२ पासून त्याला बंदी होती. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१० साली जिंकले. त्या निकालपत्रात गुलामीनंतर काळ्यांची शस्त्रे कशी काढून घेतली त्याचा इतिहास आला आहे. म्हणजे घरात पिस्तूल ठेवण्याचा हक्क त्या देशात अखेर एका काळ्या म्हाताऱ्याच्या नावाने पक्का झाला. त्यानंतर दहा वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, लुईव्हिल शहरात ब्रिओना टेलर या तरुणीच्या घराचे दार मध्यरात्री फोडले गेले. चोर आले असे समजून तिचा मित्र केनेथ वॉकर याने रीतसर परवाना असलेल्या पिस्तुलातून एक गोळी झाडली. ते पोलीस होते. त्यांनी ३२ गोळ्या झाडल्या, ब्रिओना मेली, आणि वॉकरवर खुनाच्या प्रयत्नाचा आरोप आला. तो पुढे मागे घ्यावा लागला. हक्क होता, परवाना होता, हत्यारही भरवशाचे होते. नव्हता तो भरवसा पहाटेचा.

आणखी एक गोष्ट. १९९३ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी घरात झालेल्या खुनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या घरात बंदूक आहे तिथे खून होण्याचा धोका, ती नसलेल्या घराच्या मानाने सुमारे पावणेतीन पट आढळला, आणि तो धोका मुख्यतः घरच्या व ओळखीच्या माणसांकडून होता. या निष्कर्षावर पुष्कळ वाद झाले. पण आपल्या वस्तीत दारू आणि भांडण रोज रात्री कोणाच्या ना कोणाच्या घरी असते, हे ज्याला ठाऊक आहे त्याने तो आकडा हसण्यावारी नेऊ नये. गावकऱ्यासाठी आणलेले हत्यार आधी बायकोवर उगारले जाते.

आता आपल्या कायद्याकडे येतो. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली १९९५ साली नियम झाले. त्यातला तिसरा नियम आमच्यातल्या शिकलेल्यांनीही क्वचितच वाचला असेल. अत्याचारप्रवण भागात राज्य सरकारने काय करावे ते त्यात आहे. तिथल्या अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या माणसांचे शस्त्रपरवाने, गरज पडल्यास, रद्द करावेत. बेकायदा हत्यारे जप्त करावीत. आणि जरूर वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना जीवित-वित्ताच्या रक्षणासाठी शस्त्रपरवाने द्यावेत. भारतीय राज्याने लेखी कबूल केले आहे की, काही गावांत ते आपल्या नागरिकाला राखू शकत नाही! पण क्रम बघा. ज्याचे हत्यार आधीच भिंतीवर आहे ते उतरवायचे, हे आधी आहे. आम्हाला हत्यार देणे नंतर. आमच्या तरुणांना शेवटचे कलम तेवढे ठाऊक असते. पहिल्यासाठी अर्ज कोणी करत नाही.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला. मी त्याला एवढे सांगितले. घेणारच असशील तर रिव्हॉल्वर घे, सराव कर, आणि बायकोला विचारल्याशिवाय घरात आणू नकोस. पण त्याआधी चार कामे कर. दगड पडले त्या प्रत्येक रात्रीची तारीख वहीत लिही. फिर्यादीची प्रत हातात घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नकोस. ठाण्यात घेतली नाही तर पोलीस अधीक्षकाला टपालाने धाड. आणि वस्तीतल्या प्रत्येक घराची सही घेऊन तिसऱ्या नियमाखाली अर्ज कर, गावातले परवाने तपासण्याचा. स्वसंरक्षणाचा हक्क पूर्वी दंडसंहितेत होता, आता न्याय संहितेत ३४ ते ४४ या कलमांत आहे. पण गोळी सुटल्यावर तो सिद्ध करावा लागतो, आणि तेव्हा ही वही, ही प्रत, या सह्या तुझ्या बाजूने बोलतील. एकट्याच्या हातातले हत्यार रात्र काढते, सकाळ काढत नाही.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, वहीनं दगड थांबतो का?"

मला उत्तर देता आले नाही. मी शहरात तिसऱ्या मजल्यावर राहतो. खाली वॉचमन असतो, आपल्यातलाच. त्याच्या हातात काठी आहे. मला रात्री झोप लागते. ज्याला लागत नाही त्याला हत्यार घेऊ नको असे सांगण्याचा अधिकार मला नाही, आणि इडा वेल्सच्या इतिहासालाही नाही. मी इतकेच म्हणालो, "दगड थांबत नाही. पण दगड कोणी मारला ते पुसलं जात नाही."

त्याने टेबलावरची माझी कोरी वही उचलली, पिशवीत टाकली. लायसनचा अर्ज त्याने मागे घेतलेला नाही. तो आज सकाळपर्यंत, हे लिहीत असताना, एका कचेरीत पडून आहे. वस्तीतल्या घरांच्या सह्या मात्र सुरू झाल्या आहेत. काल फोनवर सांगत होता, अठ्ठावीसपैकी एकोणीस झाल्या. उरलेली नऊ घरे भितात.

ती नऊ घरे सही करतील तेव्हा त्याच्या घराला दार बसले असे मी समजेन.